सायकलीचा रंग : स्वाराला त्याचे महत्त्व किती?

सायकल विकत घेण्याचे ठरले म्हणजे घरात पहिला वाद बहुधा रंगावरून होतो. मुलाला तांबडी हवी असते, मुलीला निळी. वडील म्हणतात काळी घ्या, ती मळत नाही. दुकानदार सर्वांच्या म्हणण्याला मान डोलावतो, कारण आतील यंत्र सर्वत्र एकच असते. मग रंगाच्या निवडीला काही शास्त्रीय आधार आहे, की ती केवळ आवडीनिवडीची बाब आहे? हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु त्याचा नीट विचार करू लागलो म्हणजे उष्णता, प्रकाश, रसायन आणि मानवी डोळ्याची रचना या सर्वांचा त्याच्याशी संबंध येतो. आणि शेवटी तो स्वाराच्या जिवाशी येऊन भिडतो.

काळ्या रंगाचे राज्य

विसाव्या शतकाचा मोठा भाग सायकल म्हटली की डोळ्यांपुढे काळी सायकलच उभी राहत असे. मुंबईत हिंद सायकल्सचा कारखाना होता. सोनिपत येथे १९५१ साली अ‍ॅटलासचा आणि लुधियाना येथे १९५६ साली हीरोचा कारखाना सुरू झाला. या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या साध्या, मजबूत सायकलींचा रंग बहुतांशी काळा असे. यामागे शोकाची वा गांभीर्याची भावना नव्हती. कारण रसायनाचे व हिशेबाचे होते.

काळ्या रंगातील मुख्य द्रव्य म्हणजे काजळी, अर्थात बारीक कार्बन. ती स्वस्त असते. तिचा पातळ थरही खालचे लोखंड पूर्णपणे झाकतो. पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाचे अनेक हात द्यावे लागतात. शिवाय सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी अनेक तांबडी व गुलाबी रंगद्रव्ये हळूहळू फिकी पडतात, काजळी मात्र पडत नाही. ओरखडा उठला तर गावातील कोणताही रंगारी तो काळ्या रंगाने बुजवू शकतो आणि जोड दिसून येत नाही. मोटारींच्या बाबतीतही हेच घडले होते. अमेरिकेत फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही मोटार १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगातच मिळत असे. लवकर वाळणारे रंगीत लेप उपलब्ध झाले तेव्हाच ही सक्ती सुटली.

आज सायकलीच्या चौकटीवर रंगाची कोरडी भुकटी विद्युत्‌भाराच्या साहाय्याने बसवून ती सुमारे १८० ते २०० अंश सेल्सियस तापमानाच्या भट्टीत वितळवितात. या रीतीने कोणताही रंग टिकाऊ करता येतो. म्हणून काळ्या रंगाचा जुना आर्थिक हक्क आता पुष्कळसा संपला आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लोखंडाला गंजापासून वाचविणारी वस्तू म्हणजे रंगाची छटा नव्हे, तर लेपाचा अखंडपणा. कोकणासारख्या खाऱ्या हवेच्या प्रदेशात लेपाला बारीकशी चीर पडली तरी तिच्याखाली गंज पसरतो. फिक्या रंगावर गंजाचा तपकिरी डाग लवकर दिसतो आणि मालक वेळीच जागा होतो. काळ्यावर तो उशिरा दिसतो. काळी सायकल मळत नाही असे म्हणतात ते खरे नाही. ती मळते, पण मळ दाखवीत नाही.

उन्हात काळे अधिक तापते काय?

काळा पृष्ठभाग त्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा बहुतेक भाग शोषून घेतो आणि पांढरा पृष्ठभाग बराचसा परत फेकतो, हे सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँक्लिन याने अठराव्या शतकात बर्फावर निरनिराळ्या रंगांचे कापडाचे तुकडे उन्हात पसरून ठेवले होते. काही तासांनी काळा तुकडा बर्फात सर्वांत खोल रुतलेला आढळला आणि पांढरा मात्र वरच राहिला.

निरभ्र आकाशात भर दुपारी जमिनीवरील एक चौरस मीटर क्षेत्रावर सुमारे १,००० वॅट इतकी सौर ऊर्जा येते. मे महिन्यात नागपुरात किंवा जबलपुरात उघड्यावर उभी केलेली काळी सायकल हाताला चटका देते, ती यामुळेच. तथापि स्वाराचा प्रत्यक्ष स्पर्श चौकटीला होत नाही. तो सीटला आणि हँडलच्या मुठींना होतो. या वस्तू चौकट कोणत्याही रंगाची असली तरी बहुधा काळ्याच असतात. शिवाय सायकल चालू लागली म्हणजे वाऱ्याने नळ्या लवकर निवतात. तेव्हा उष्णतेच्या दृष्टीने चौकटीच्या रंगापेक्षा सीटचा रंग, आणि त्याहूनही सायकल सावलीत ठेवण्याची सवय, अधिक महत्त्वाची ठरते.

टायरचा काळा रंग ही वेगळी गोष्ट आहे. तो शोभेसाठी नसतो. रबरात कार्बनची काजळी मिसळल्याने ते झिजेला व सूर्यप्रकाशाला अधिक टिकते. तो बदलणे हिताचे नाही. पण उन्हाचा परिणाम ओळखून वागणे हिताचे आहे. टायरमधील हवेचे तापमान ३० अंशांवरून ५० अंशांवर गेले, तर निरपेक्ष मापाने ते ३०३ वरून ३२३ होते, आणि आतील निरपेक्ष दाबही त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. चांगल्या टायरला एवढी वाढ सोसते. जुन्या, भेगाळलेल्या टायरला ती सोसेलच असे नाही.

संध्याकाळी डोळा बदलतो

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. सायकलीचा रंग स्वाराला फारसा दिसतच नाही, कारण त्याची नजर रस्त्यावर असते. तो दिसतो इतरांना. आणि त्या ‘इतरां’मध्ये मागून येणाऱ्या मालमोटारीचा चालकही असतो.

मानवी डोळ्याच्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी भरपूर प्रकाशात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडाच्या आकाराच्या पेशी मंद प्रकाशात काम करतात, पण त्यांना रंगभेद कळत नाही. भर दिवसा आपल्या डोळ्याला सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे हिरवट पिवळा प्रकाश सर्वाधिक उजळ वाटतो. अंधार पडू लागला म्हणजे ही सर्वाधिक संवेदना सुमारे ५०७ नॅनोमीटरकडे, म्हणजे निळसर हिरव्याकडे सरकते. तांबड्या प्रकाशाला दंडपेशी जवळजवळ दाद देत नाहीत.

चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने या घटनेचे वर्णन १८२५ साली प्रसिद्ध केले, म्हणून तिला ‘पुर्किन्ये परिणाम’ म्हणतात. तिचा अनुभव घेण्यास प्रयोगशाळा लागत नाही. बहरलेला गुलमोहर दुपारी पेटल्यासारखा दिसतो. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने पाहावे, तर त्याची फुले काळवंडलेली आणि पाने त्या मानाने उजळ भासतात.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. दुकानात सर्वांत भडक दिसणारी तांबडी सायकल संध्याकाळच्या रस्त्यावर काळ्या सायकलीइतकीच अदृश्य होऊ शकते. याउलट पांढरा, पिवळा किंवा फिका हिरवा रंग अधिक वेळ नजरेत राहतो. तथापि कोणताही रंग एकटा दिसत नाही. तो पार्श्वभूमीच्या विरोधाने दिसतो. फुललेल्या मोहरीच्या शेताकडेने जाणारा पिवळा सदरा तितकासा उठून दिसणार नाही, आणि धुक्याच्या पहाटे पांढरा रंग धुक्यातच विरून जाईल.

चौकट लहान, सदरा मोठा

रंग कोणता, याइतकेच तो किती जागेवर पसरला आहे हेही महत्त्वाचे आहे. सायकलीच्या चौकटीतील तीन मुख्य नळ्या प्रत्येकी सुमारे ६० सेंटीमीटर लांब आणि ३ सेंटीमीटर जाड धरल्या, तर बाजूने पाहणाऱ्यास त्यांचे एकूण ५४० चौरस सेंटीमीटर क्षेत्र दिसते. प्रौढ माणसाच्या सदऱ्याची पाठ ४५ सेंटीमीटर रुंद व ६० सेंटीमीटर लांब धरली, तर तिचे क्षेत्र २,७०० चौरस सेंटीमीटर भरते, म्हणजे पाचपट. मागून पाहणाऱ्यास तर मुख्य नळ्या जवळजवळ दिसतच नाहीत. त्याला दिसतो तो मागील मडगार्ड आणि स्वाराची पाठ. जुन्या काळ्या सायकलींच्या मागील मडगार्डाच्या टोकाशी पांढरा पट्टा व तांबडा परावर्तक असे, तो याच विचाराने.

म्हणजे ‘सायकल कोणत्या रंगाची घ्यावी’ या प्रश्नाआधी ‘सायकलीवर बसताना अंगात काय घालावे’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

डेन्मार्कमध्ये या प्रश्नाची मोठ्या प्रमाणावर परीक्षा झाली. २०१२ च्या नोव्हेंबरपासून एक वर्षभर ६,७९३ स्वयंसेवक सायकलस्वारांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले गेले. एका गटाला झळझळीत पिवळी जाकिटे दिली. दुसऱ्याला दिली नाहीत. जाकीटवाल्या गटात इजा होणाऱ्या अपघातांचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु संशोधक येथेच थांबले नाहीत. स्वार एकटाच घसरून पडतो त्या अपघातांवर जाकिटाचा परिणाम होण्याचे कारण नाही. तरीही तसे अपघात जाकीटवाल्यांनी कमी कळविले होते. जाकीट मिळाल्यामुळे त्यांच्या कळविण्यातच फरक पडला असावा, हे ओळखून संशोधकांनी हिशेब दुरुस्त केला, तेव्हा आकडा ३८ टक्क्यांवर आला. आपल्याला अनुकूल असलेल्या आकड्यावरही संशय घेणे हे शास्त्राचे लक्षण आहे. दुरुस्तीनंतर उरलेला फायदाही मोठाच आहे.

त्यापूर्वी २००४-०५ साली त्याच देशातील ओडेन्स शहरात ३,८४५ सायकलस्वारांवर दुसरी परीक्षा झाली होती. ज्यांच्या सायकलींवर दिवसाही सतत लागणारे दिवे बसविले होते, त्यांचे इजा होणारे अपघात १९ टक्क्यांनी कमी भरले.

रात्र पडल्यावर

पूर्ण अंधारात रंगाचे राज्य संपते. पांढरा सदरा मोटारीच्या दिव्याचा प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. त्यातील थोडासाच चालकाच्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. परावर्तकाची गोष्ट निराळी. त्यातील काचेचे बारीक मणी किंवा कोनाकृती लोलक प्रकाशाला तो आला त्याच दिशेने परत पाठवितात, म्हणून लहानसा परावर्तकही दुरून चमकतो. मात्र त्याच्यावर प्रकाश पडला तरच. आडरस्त्याने येणाऱ्या वाहनाचा दिवा त्याच्यावर वेळेवर पडत नाही; तेथे स्वतःचा दिवाच उपयोगी.

ज्यांना फ्लुओरेसंट रंग म्हणतात, ते जंबुपार किरणांचे रूपांतर दृश्य प्रकाशात करतात. म्हणून दिवसा व संधिकाली ते विलक्षण उजळ दिसतात. रात्री जंबुपार किरणांच्या अभावी त्यांची ही शक्ती जवळजवळ नाहीशी होते. दिवसाचा रक्षक आणि रात्रीचा रक्षक एकच समजू नये.

परावर्तक कोठे बांधावा, यालाही शास्त्र आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली दाखवून दिले की, अंधारात माणसाच्या सांध्यांवर लावलेले काही ठिपके हलताना दिसले, तरी पाहणाऱ्याला ‘हा माणूस चालत आहे’ हे तात्काळ ओळखता येते. म्हणून सायकलस्वाराने घोट्यांवर परावर्तक पट्ट्या बांधल्या, तर त्यांच्या वरखाली होण्याने चालकाला केवळ चमक नव्हे, तर पायडल मारणारा माणूस दिसतो.

हे काही सेकंदांचे गणित आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. चालकाला धोका कळून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात २५ मीटर संपतात. कोरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक लावून थांबण्यास आणखी सुमारे २३ मीटर लागतात. एकूण ४८ मीटर. वाटेत थांबलेला सायकलस्वार ३० मीटरांवर दिसला, तर चालक कितीही कुशल असो, त्याचा उपयोग नाही.

तर मग रंग निवडावा कसा?

सायकलीच्या वेगावर, वजनावर वा मजबुतीवर रंगाचा स्वाराला जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. चौकटीचा रंग फिका असल्यास थोडा लाभ आहे. पण तो सदरा, परावर्तक व दिवा यांच्या लाभापुढे लहान आहे. तेव्हा मुलाला तांबडीच सायकल आवडत असेल तर ती खुशाल घ्यावी. आवडत्या वस्तूची निगा माणूस मनापासून राखतो, आणि शाळेच्या स्टँडवर शेकडो सायकलींत आपली चटकन ओळखू येते, हाही फायदाच. फक्त रंगावर वाचविलेला वाद दिव्यासाठी घालावा.

बिहार राज्याने २००६ साली नववीच्या विद्यार्थिनींसाठी सायकल योजना सुरू केली, आणि अन्य राज्यांतही अशा योजना झाल्या. लांबच्या गावांतून शाळेला जाणाऱ्या अशा मुलींना हिवाळ्यात घरी परतताना तिन्हीसांजा होतात. त्यांच्या सायकलीच्या मागे एक स्वच्छ परावर्तक आणि पाठीवर एक उजळ दप्तर असणे ही चैन नव्हे.

करून पाहा

१. सारख्या आकाराचे दोन डबे घ्या. एक काळा व एक पांढरा रंगवा. दोन्हींत सारखे पाणी भरून उन्हात ठेवा. दर दहा मिनिटांनी तापमान मोजा व आलेख काढा.

२. तांबडा, पिवळा, हिरवा, निळा, पांढरा व काळा असे कागदाचे सारखे चौकोन शाळेच्या भिंतीवर लावा. सूर्यास्तापूर्वी पंधरा मिनिटांपासून सूर्यास्तानंतर पाऊण तासापर्यंत वीस पावलांवरून त्यांचे निरीक्षण करा. कोणता रंग प्रथम ओळखू येईनासा होतो व कोणता शेवटपर्यंत दिसतो, ते लिहून ठेवा.

३. अंधाऱ्या मैदानात सायकलीच्या परावर्तकावर विजेरीचा प्रकाश टाका. प्रथम विजेरी स्वतःच्या डोळ्याजवळ धरा. नंतर ती दहा पावले बाजूला उभ्या असलेल्या मित्राच्या हाती द्या. परावर्तकाच्या चमकेत पडलेल्या फरकाचे कारण शोधा. हे प्रयोग रहदारीच्या रस्त्यावर करू नयेत.