डिजिटल ओळख आणि प्रमाणन : संज्ञांचा अर्थविचार

उद्दिष्टे
हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला :
• 'परवाना', 'प्रमाणन' आणि 'प्रमाणीकरण' या संज्ञांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
• प्रशासकीय मजकुरात त्यांचा अचूक उपयोग करता येईल.

प्रास्ताविक
सातबारा उताऱ्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याऐवजी आता डिजिटल स्वाक्षरी आढळते. शिक्का डोळ्यांना दिसतो. संगणकीय स्वाक्षरीवर विश्वास मात्र कशाच्या आधारे ठेवावा? या प्रश्नाचे उत्तर कायद्याने निश्चित केलेल्या संज्ञांमध्ये सापडते.

विषय-विवेचन
माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये केंद्र शासन प्रमाणन प्राधिकाऱ्यांवर एक नियंत्रक नेमते. नियंत्रक मानके ठरवतो आणि प्रमाणन संस्थांना परवाना देतो. अटींचा भंग झाल्यास तो परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. परवानाधारक संस्था अर्जदाराची खातरजमा करून त्याला प्रमाणपत्र देते; हे प्रमाणन होय. म्हणजेच परवाना संस्थेला मिळतो, प्रमाणपत्र स्वाक्षरी करणाऱ्याला. विश्वासाची ही साखळी वरून खाली येते.

येथे एक मर्यादा लक्षात घ्यावी. स्वाक्षरी कोणाची आहे आणि नंतर मजकुरात बदल झाला आहे काय, एवढेच डिजिटल स्वाक्षरीवरून कळते. मूळ नोंद चुकीची असेल, तर स्वाक्षरीमुळे ती बरोबर ठरत नाही.

प्रमाणीकरण ही याहून वेगळी क्रिया आहे. आधारच्या व्यवस्थेत व्यक्तीने दिलेली माहिती किंवा बोटांचे ठसे पूर्वीच्या नोंदीशी जुळतात का, हे पाहिले जाते. कष्टाच्या कामाने बोटांवरील रेषा झिजल्या, तर ठसा जुळत नाही. अशा वेळी 'प्रमाणीकरण झाले नाही' हे विधान यथार्थ आहे. 'ओळख खोटी आहे' हे विधान अन्यायकारक आहे. पहिल्यात यंत्राच्या निष्कर्षाची नोंद आहे, तर दुसऱ्यात माणसावर आरोप आहे. शिधा घेण्यासाठी आलेल्या वृद्धेच्या दृष्टीने हा केवळ शब्दांचा भेद नाही.

त्याचप्रमाणे आधार अधिनियम, २०१६ च्या कलम ९ नुसार आधार क्रमांक हा स्वतः नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा ठरत नाही. 'ओळखीचा पुरावा' आणि 'नागरिकत्वाचा पुरावा' हे शब्दप्रयोग म्हणूनच परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत.

शेवटी विशेषणांचा विचार करू. 'विश्वासू' हे विशेषण आपण प्रामुख्याने माणसाला लावतो; ते सहवासातून आलेल्या अनुभवाचे द्योतक आहे. 'विश्वासार्ह' म्हणजे विश्वास ठेवण्यास पात्र. ही पात्रता तपासता येते. अनोळखी संस्थेशी व्यवहार करताना सहवासाचा आधार नसतो. म्हणून मानके, लेखापरीक्षण आणि परवाना यांची गरज भासते. त्यामुळे डिजिटल सेवेसाठी 'विश्वासार्ह' हाच शब्द योग्य होय.

सारांश
परवाना संस्थेला अधिकार देतो, प्रमाणनातून स्वाक्षरीचा धनी निश्चित होतो आणि प्रमाणीकरणात नोंदींची जुळणी होते. प्रशासकीय लेखकाने हा भेद जपला, तरच नागरिकाला आपला हक्क कोठे अडला आहे हे समजते.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. प्रमाणन आणि प्रमाणीकरण यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. ठसा न जुळलेल्या नागरिकासाठी तीन वाक्यांची सूचना सुबोध मराठीत लिहा.