पिसवांचा बंदोबस्त
तंजावरला आश्विन-कार्तिकात ईशान्य मोसमी पाऊस लागला की हवा दमट होते, आणि ती पिसवांना मानवते. मग मांजराला कितीही न्हाऊ घातले, तरी मुलांच्या पायांवर चाव्यांचे लाल पुरळ उठतच राहते. पिसवांची अंडी मांजराच्या अंगावरून गळून चटईखाली, फरशीच्या फटींत पडतात. अळ्या तेथेच वाढतात. कोशातील पिसू तर आठवडेच्या आठवडे निपचित राहते आणि पावलांचा हादरा बसताच बाहेर येते. बंद घर उघडताच पिसवा तुटून पडतात, त्या यामुळेच! तेव्हा फटी रोज झाडाव्यात, अंथरुणे कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवावीत. मांजराला पशुवैद्याने दिलेलेच औषध लावावे. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मात्र त्याला कदापि लावू नये. ते त्याच्या जिवावर बेतते.