रोख रक्कम, भेटवस्तू आणि कामाची उमेद



चाकणच्या कारखान्यात विभागाची जबाबदारी हाती येताच पुतण्या सुहासने दिवाळीची भेटवस्तू बंद करून तिची किंमत कामगारांच्या खात्यात जमा करायचे ठरवल्याचे वहिनींकडून कळले, आणि माणसांना पैशापलीकडे काही लागत नाही अशी त्याची समजूत तर होत नाही ना, हा घोर काकांना लागला.

रोख प्रोत्साहन, म्हणजे कामाच्या मापाशी जोडलेला मोबदला, निरुपयोगी नाही. अमेरिकेत गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या एका कंपनीत नगावर मजुरी सुरू झाल्यावर दरडोई काम सुमारे 44 टक्क्यांनी वाढल्याचे एडवर्ड लेझिअर यांनी 2000 साली दाखवले. पण तेथे काम नगांत मोजता येत होते.

जर्मनीतील एका ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्यासाठी तात्पुरत्या नेमलेल्या विद्यार्थ्यांवरचा, 2012 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याहून बोलका आहे. काहींना ठरल्या वेतनावर सात युरो अधिक दिले, तर काहींना तेवढ्याच किमतीची थर्मास बाटली दिली. रोख रकमेने कामात फारसा फरक पडला नाही, बाटलीने मात्र ते सुमारे 25 टक्क्यांनी वाढले. निवड विचारल्यावर बहुतेकांनी रोखच मागितली, हे खरे. परंतु त्याच रकमेतील नोटेला घड्या घालून कागदी कलाकृतीचा आकार दिला, तेव्हा तिचाही परिणाम बाटलीसारखाच झाला. म्हणजे गुण वस्तूचा नव्हे, देणाऱ्याने घेतलेल्या तसदीचा. खात्यात निमूट पडलेली रक्कम महिन्याच्या हप्त्यात जिरून जाते, आणि एवढे शिकलेल्या सुहासला हे उमगू नये, याचा काकांना रागच आला.

काकांच्या उमेदीच्या वर्षांत त्यांच्या हाताखालच्या एका फिटरने रात्रभर थांबून यंत्र चालू केले, तेव्हा जादा वेळेचे पैसे चोख दिले गेले, शाबासकी मात्र राहून गेली; ती रुखरुख अजून जात नाही, म्हणूनच हा घोर पुन्हापुन्हा उगाळला जातो.

अर्थात, हक्काच्या पैशांऐवजी डबे वाटावेत, असे कोणी म्हणत नाही. कायद्याने ठरलेला किमान 8.33 टक्के बोनस हे देणे आहे, त्याला बक्षीस म्हणू नये. हिशेब स्वच्छ राहावा एवढाच सुहासचा हेतू असणार, हे काका ओळखून आहेत, कारण लहानपणापासून त्याने कुणाचा पै-पैसा बुडवलेला नाही. त्याने यंदा भेट स्वतः निवडावी, प्रत्येकाला नावाने हाक मारून हातात द्यावी, आणि मग दोन दिवस घरी यावे. वहिनी वाट पाहत आहेत, काकाही.