परसातील भाजी व घागरभर पाणी

वाचा : अनुवाद 11:10, 11.

ह्या भागात मोशे लोकांस दोन देशांतील भेद दाखवितो. मिसरात भाजीच्या मळ्यासारखे शेतास पाणी माणसाने कष्टाने द्यावयाचे. कनानात ते आकाशातून यावयाचे. समुद्रपूरच्या मंडळीस हे निराळे समजाविणे नको. पावसाळ्यात आपण कनानात असतो, आणि फाल्गुन लागला की मिसरात!

तेव्हा वाफा किती मोठा करावा, हे जागेवरून नव्हे, तर घरी येणाऱ्या पाण्यावरून ठरवावे. ते पाणी बहुधा घरची स्त्री वाहून आणते, हे वाफे आखताना पुरुषमंडळी विसरतात. आम्हीही एकदा विसरलो होतो. आरंभास चार हात लांब व दोन हात रुंद वाफा पुरे.

आपली काळी जमीन उन्हाने भेगाळते आणि त्या भेगांतून ओल उडून जाते. म्हणून तीत कुजलेले शेणखत मिसळावे, व रोपे वर आल्यावर बुडाशी सोयाबीनचे अगर तुरीचे कुटार पसरावे. भेंडीचे बी रात्रभर भिजवून हातभर अंतराने टोकावे. कडेने चवळी लावावी. पाणी सायंकाळी द्यावे. भाजी-तांदूळ धुतलेले चालेल, साबणाचे नको. पालक ह्या दिवसांत पेरू नये, उन्हाने तो लवकर फुलोऱ्यास येतो. त्याऐवजी तांदुळजा पेरला तर महिन्याभरात खुडावयास मिळतो.