कारखाना येण्यापूर्वी विहिरीचे पाणी तपासा



शिवारात कारखाना उभा राहिला, पाठोपाठ प्लॉट पडून घरे झाली, की आपण जमिनीच्या भावाची चौकशी करतो. ते साहजिकच आहे. परंतु विहिरीची चौकशी आपण पाणी नासल्यावर करतो, आणि तेव्हा ते पूर्वी कसे होते याचा कागद कोणाजवळच नसतो.

पटनचेरूचा अनुभव

हैदराबादहून मुंबईच्या रस्त्याला सुमारे ३० किलोमीटरवर पटनचेरू आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथे औद्योगिक वसाहत झाली. औषधांचे व रसायनांचे कारखाने आले, हातांना काम मिळाले, वस्ती वाढली. सांडपाणी मात्र नक्कावागू ओढ्यात गेले. हा ओढा पुढे मांजरा नदीला मिळतो. आपल्या बीड जिल्ह्यात उगम पावणारी मांजरा ती हीच. ओढ्याकाठची भातशेती व विहिरी खराब झाल्या आणि १९९० मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढे सामायिक शुद्धीकरण केंद्र झाले. तरीही तेथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे जंतुनाशक औषध लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने या भागाची गणना अतिप्रदूषित क्षेत्रांत केली.

पाणी कसे बिघडते?

जमिनीखालचे पाणी बांध मानत नाही. शेजारच्या जमिनीत मुरलेले पाणी खडकाच्या भेगांतून आपल्या विहिरीत, बोअरमध्येही येते. एकदा बिघडलेले पाणी सुधारण्यास वर्षे लागतात.

पाणी नितळ दिसले म्हणजे ते शुद्ध असते, असे नाही. उकळल्याने जंतू मरतात. क्षार, नायट्रेट व शिसे जात नाहीत. उलट पाणी आटून त्यांचे प्रमाण वाढते. वरच्या दुधावरील तान्ह्या बाळाला नायट्रेटचे पाणी दिल्यास त्याचे ओठ व नखे निळसर पडतात. अशा वेळी बाळाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

आपण काय करावे?

१. कारखाना सुरू होण्यापूर्वीच पाणी तपासून घ्या. एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यानंतर.

२. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. सर्व्हे नंबर व तारीख लिहून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या.

३. अहवालात हे पाहा : पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले. दुसरी सोय नसल्यास २००० पर्यंत चालतात. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. कारखाना रसायनांचा असेल तर जड धातूंचीही तपासणी सांगा.

४. अहवाल जमिनीच्या उताऱ्यासोबत जपून ठेवा.

५. अनेक मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. तेथे जाऊन दोनच गोष्टी विचारा : सांडपाणी कोठे जाणार? ते कोण तपासणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.

६. नव्या घरांचे शोषखड्डे विहिरीपासून निदान ६० फूट दूर असू द्या. हा नियम आपल्या घरालाही लागू आहे.

७. मासे मेले, फेस आला, जनावरे पाण्याला तोंड लावीनात किंवा पिकांच्या पानांच्या कडा करपल्या, तर त्याच दिवशी नमुना घ्या. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ व ग्रामपंचायत यांना लेखी कळवा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

एकट्याचा अहवाल एका घरापुरता राहतो. दहा शेजाऱ्यांनी मिळून दहा विहिरी तपासल्या, तर खर्च वाटला जातो आणि गावाच्या हाती पुरावा राहतो. येत्या उन्हाळ्यापूर्वी आपल्या वाडीत हा विषय जरूर काढा.