प्रश्नावलीचे शीर्ष आणि प्रश्नावलीचा गाभा

राज्य शासन असो, महानगरपालिका असो वा एखादे महामंडळ असो, ज्या संघटनेची अनेक खाती आहेत तेथे सर्वेक्षणाची प्रश्नावली सहसा एकच राहत नाही. आरोग्य, शिक्षण, कृषी, पाणीपुरवठा अशा प्रत्येक खात्याला स्वतःच्या नावाची, स्वतःच्या बोधचिन्हाची आणि शक्य तर स्वतःच्या रंगाची प्रश्नावली हवी असते. ही मागणी सांख्यिकी शाखेकडे बहुधा 'तातडीचे' असा शेरा घेऊनच येते. ती सरसकट मान्य करणे जितके चूक, तितकेच सरसकट फेटाळणेही चूक होय.

प्रश्नावलीचे शीर्ष म्हणजे केवळ सजावट नव्हे. विचारणारा कोण, हे उत्तर देणाऱ्याला शीर्षावरूनच समजते व त्याप्रमाणे तो उत्तर देतो. जनगणनेत दिलेली वैयक्तिक माहिती १९४८ च्या जनगणना अधिनियमान्वये गोपनीय राहते. ती न्यायालयात पुरावा म्हणूनही ग्राह्य धरली जात नाही. याउलट २००२ च्या दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या सर्वेक्षणात १३ निकष होते, प्रत्येकास ० ते ४ असे एकूण ५२ गुण होते आणि त्या गुणांवर कुटुंबाचे नाव यादीत येणे अवलंबून होते. जमीन किती, घर कसले, हा प्रश्न या दोन ठिकाणी शब्दशः सारखा विचारला, तरी उत्तर सारखे येईलच असे नाही. म्हणून जे खाते माहिती वापरणार आहे त्याचेच नाव शीर्षस्थानी असले पाहिजे. अधिक वजनदार खात्याचे नाव उसने घेऊन माहिती मिळविणे ही ग्रामस्थांची दिशाभूल ठरते, आणि पुढच्या प्रगणकाला त्याची किंमत मोजावी लागते.

राजमुद्रेबाबत तर कायदाच स्पष्ट आहे. भारताच्या राजचिन्हाच्या वापराविषयी २००५ चा अधिनियम व २००७ चे नियम आहेत. पंचायत राज संस्था, नगरपरिषदा, विद्यापीठे व स्वयंसेवी संस्था यांना ते चिन्ह आपल्या पत्रशीर्षावर वापरता येत नाही. ग्रामपंचायतीने स्वतःचे सर्वेक्षण हाती घेतल्यास शीर्षावर ग्रामपंचायतीचे नाव पुरेसे आहे.

शीर्षाबाबत अशी मोकळीक देता येते. गाभ्याबाबत मात्र ती देता येत नाही. प्रश्नाचा शब्द, क्रम व संकेतांक बदलला की दोन वर्षांच्या किंवा दोन खात्यांच्या आकड्यांची तुलना होत नाही. एका प्रपत्रात 'कुटुंब' म्हणजे एका चुलीवर जेवणारे आणि दुसऱ्यात शिधापत्रिकेवरील नावे, असे झाले तर दोन्ही बेरजा बरोबर असूनही एकमेकींशी जुळणार नाहीत. २०११ च्या जनगणनेच्या अनुसूची १६ भाषांत छापल्या होत्या. कुटुंब अनुसूचीतील २९ प्रश्न मात्र सर्वत्र तेच होते.

शाळांचा अनुभव शिक्षकांच्या परिचयाचा आहे. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाबरोबर १९९४-९५ च्या सुमारास प्राथमिक शाळांसाठी 'डाइस' ही पद्धती सुरू झाली. पुढे माध्यमिक शाळांसाठी 'सेमिस' हे निराळे प्रपत्र आले. ज्या शाळेत दोन्ही स्तरांचे वर्ग, तेथील मुख्याध्यापकावर एकाच इमारतीच्या खोल्या व शौचालये दोनदा मोजून देण्याची पाळी येई. २०१२-१३ पासून दोहोंचे 'यू-डाइस' असे एकत्रीकरण झाले. शाळेला ११ अंकी संकेतांक असतो. महाराष्ट्रातील शाळांचा संकेतांक २७ ने सुरू होतो. एखाद्या नव्या योजनेला शाळेची माहिती हवी असेल, तर हा संकेतांक घेऊन नोंदलेली माहिती प्रथम पाहणे हे पत्र पाठविण्याहून सोपे आहे.

मागणी आली की ती नोंदवहीत चढवावी आणि मागणाऱ्या अधिकाऱ्यास एकच गोष्ट लेखी विचारावी : या उत्तरांवरून कोणता निर्णय, कोणाकडून व केव्हा घेतला जाणार आहे? उत्तर न आल्यास विषय बहुधा तेथेच मिटतो. निर्णय खरा असला, तर तीच माहिती अन्यत्र गोळा झाली आहे काय ते तपासावे. सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ व त्याखालील २०११ च्या नियमांनी समन्वय अधिकारी नेमण्याची जी तरतूद केली, तिचा हेतू हाच आहे. नवीन प्रपत्र अटळ ठरल्यास मूळ प्रश्न जसेच्या तसे ठेवून खात्याचे खास प्रश्न शेवटी पुरवणीत घ्यावेत. छपाईपूर्वी ते पाच-दहा घरी विचारून पाहावेत. कार्यालयात सुबोध वाटलेला शब्द ओसरीवर अडतो, हे अशा वेळीच कळते.

मंजूर प्रपत्रावर क्रमांक व मुदतीची तारीख छापावी. अमेरिकेच्या संघ शासनात १९८० च्या कायद्याने ही पद्धत बंधनकारक केली असून, वैध क्रमांक नसलेले प्रपत्र भरून दिले नाही म्हणून तेथील नागरिकास दंड करता येत नाही. आपल्याकडे तालुका कार्यालयांच्या कपाटांत जुन्या प्रपत्रांचे गठ्ठे पडून असतात आणि नवीन आले तरी तेच आधी संपविले जातात. मुदतीची तारीख छापलेली असली, तर निदान कोणता गठ्ठा रद्दीत द्यायचा ते लिपिकाला कोणास न विचारता ठरविता येईल.