चांदमारीची सुरक्षा : नेम चुकला तर गोळी जाते कुठे?

एन.सी.सी.च्या वार्षिक कॅम्पची नोटीस बोर्डावर लागली की हॉस्टेलमध्ये पहिला प्रश्न ठरलेला, "फायरिंग आहे ना रे?" मग श्वास कधी रोखायचा, ट्रिगर कसा दाबायचा यावर मेसमध्ये तासन्‌तास चर्चा. पण नेम चुकलेली गोळी जाते कुठे, हे कोणीच विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षाच्या कॅम्पात माझी ड्यूटी फायरिंग पॉइंटवर न लागता बटच्या मागे, संत्री म्हणून लागली. (बट म्हणजे टार्गेटमागचा गोळ्या अडवणारा मातीचा बांध.) हातात लाल झेंडा आणि गळ्यात शिट्टी. मित्र गोळ्या झाडतायत आणि आपण उन्हात उभे! मी वैतागलो होतो. तेवढ्यात डाव्या बाजूच्या बाभळीतून डोक्यावर मोळी घेतलेली एक आजी बाहेर आली. मी झेंडा हलवत शिट्टी फुंकली, पलीकडून "खाली कर"चा आवाज आला, फायरिंग थांबलं. आजी शांतपणे म्हणाली, "आरं पोरा, ही तर माझी रोजची वाट हाय." तारेचं कुंपण तिथे कधीचं तुटलेलं होतं आणि रेंजच्या नकाशावर ती पायवाटच नव्हती.

त्या दिवसापासून मी या विषयाचा अभ्यास सुरू केला. त्यातलं आपल्या शाखांशी संबंधित असलेलं इथे मांडतो.

१) गोळीचा हिशेब

आपण वापरतो ती पॉइंट टू-टू रायफल. पुष्कळांना ती खेळण्यासारखी वाटते. तिची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, नळीतून सुटताना वेग सुमारे ३३० मीटर प्रति सेकंद. अर्धा एम व्ही वर्ग केलं की ऊर्जा येते सुमारे १४० ज्यूल. म्हणजे १ किलोचं वजन १४ मीटरवरून, चार-साडेचार मजल्यांवरून, सोडल्यासारखं. शिवाय ही सगळी ऊर्जा पेन्सिलीएवढ्या जाडीच्या तुकड्यात असते.

आता पल्ला. फर्स्ट इयरच्या प्रोजेक्टाइलच्या सूत्रात हा वेग घातला तर उत्तर येतं ११ किलोमीटर. प्रत्यक्षात हवेच्या रोधामुळे गोळी जास्तीत जास्त दीड किलोमीटरच्या आसपास जाते. त्याच रोधामुळे सर्वांत लांब जाणारा कोनही ४५ अंश नसतो, त्याहून बराच कमी असतो. थोडक्यात, टार्गेट २५ मीटरवर असलं तरी विचार दीड किलोमीटरचा करावा लागतो. लष्करी रायफलींच्या बाबतीत हा आकडा ३ किलोमीटरच्या पुढे जातो. म्हणूनच रेंज आखताना फायरिंग पॉइंटपासून पुढे पंख्याच्या आकाराचं 'धोक्याचं क्षेत्र' नकाशावर काढतात. बांध, डोंगर किंवा आडपडदे गोळी खात्रीने अडवत असतील, तरच ते लहान करता येतं.

२) बट किती उंच हवा?

समजा, बटचा माथा फायरिंग पॉइंटपासून ३० मीटरवर आणि ३ मीटर उंच आहे. झोपून फायर करणाऱ्याच्या रायफलीची नळी जमिनीपासून ०.३ मीटरवर. म्हणजे २.७ भागिले ३०, कोन झाला ५ अंशांच्या थोडा वर. रायफल सुमारे १.१ मीटर लांब धरली, तर नळीचं टोक फक्त १० सेंटिमीटर वर उचललं गेलं की गोळी बटवरून पार! शिंक आली, कोपर घसरलं, कोणी हाक मारली म्हणून वळून पाहिलं, तर १० सेंटिमीटर सहज होतात.

मग बट दुप्पट उंच करू या? कोन ११ अंशांच्या जवळ जातो, पण उतार तेवढेच ठेवले तर मातीचं काम चौपट होतं, कारण छेदाचं क्षेत्रफळ उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. त्यापेक्षा फायररच्या पुढे, डोक्यावर आडपडदे लावतात. ३ मीटरवरच्या पडद्याची खालची कड ०.५७ मीटरवर ठेवली, तर झोपून मारलेली प्रत्येक गोळी पडद्यात किंवा बटमध्येच जाईल. पण उभ्याने फायर करायचं तर पडदा १.६५ मीटरवर न्यावा लागतो, आणि मग झोपलेल्या माणसासाठी तो निरुपयोगी ठरतो. म्हणून एका पडद्याने भागत नाही. एकापाठोपाठ एक असे लावावे लागतात, की कुठल्याही पोझिशनमधून पाहिलं तरी बटच्या वरचं आकाश दिसता कामा नये. रेंजवर गेल्यावर ही परीक्षा कोणीही करू शकतो.

३) उसळणारी गोळी

कमी कोनातून दगडावर, टणक जमिनीवर किंवा अगदी पाण्यावर आपटलेली गोळी उसळते आणि भलत्याच दिशेला जाते. म्हणून बटचा पुढचा थर चाळलेल्या मातीचा किंवा वाळूचा हवा आणि त्याचा चढ तीव्र हवा. मुरूम स्वस्त, पण त्यात दगड असतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात वाहून जाते. शिवाय टार्गेटच्या मागे एकाच जागी गोळ्या साचल्या की शिशाचा टणक गोळाच तयार होतो. नवी गोळी त्यावर आपटून उसळू शकते, म्हणून ती जागा वेळोवेळी खणून माती चाळावी लागते.

४) न दिसणारे धोके

शिसं विषारी आहे. फायरिंगनंतर हातावर त्याची सूक्ष्म धूळ राहते आणि आपण जेवतो हातानेच, म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये. बटच्या मातीतलं शिसं पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्याला जाऊ नये म्हणून निचराही आखावा लागतो. दुसरा धोका आवाजाचा. लष्करी रायफलीचा आवाज कानाजवळ १५० डेसिबलच्या वर जातो. कानात बोळे घालणं हा भित्रेपणा नव्हे, गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

५) मूल्यमापन कसं करायचं?

नेहमीची पद्धत अशी : प्रत्येक धोक्याला शक्यतेचे १ ते ५ आणि परिणामाचे १ ते ५ गुण द्यायचे आणि गुणाकार करायचा. पण इथे एक फसगत आहे. उन्हाने डोकं दुखणं : शक्यता ५, परिणाम १, गुणाकार ५. गोळी बटवरून जाऊन माणसाला लागणं : शक्यता १, परिणाम ५, गुणाकार ५. कागदावर दोन्ही सारखेच! म्हणून परिणामाचा आकडा नेहमी वेगळा वाचायचा.

उपायांचाही क्रम असतो. आधी धोका काढूनच टाकता येतो का ते पाहायचं (वाट वळवणं). मग बांधकाम (बट, पडदे, कुंपण). मग नियम (झेंडा, संत्री, "खाली कर" आणि "जाँच शस्त्र" झाल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही). आणि शेवटी कानातले बोळे. संत्री हा उपाय खालून दुसऱ्या पायरीचा. त्या दिवशी वरच्या पायऱ्या गळाल्या होत्या आणि सगळा भार एका वैतागलेल्या पोरावर होता!

कित्येक गावांत 'चांदमारी' नावाचा भाग असतो. एके काळी गावाबाहेर असलेल्या त्या माळावर आज घरं आहेत. रेंज जागच्या जागी राहते, गाव तिच्याकडे चालत येतं. म्हणून मूल्यमापन एकदा करून फाईलला लावायचं नसतं. दरवर्षी, विशेषतः पावसाळ्यानंतर, नव्याने करायचं असतं.

शेवटचं. कॅम्प संपायच्या आत आम्ही सिव्हिलच्या तिघांनी डंपी लेव्हल मागून आणली आणि बट मोजला. कागदावर ३ मीटर, प्रत्यक्षात २.४. बाकीची उंची पावसाबरोबर गेली होती. वर काढलेले १० सेंटिमीटर आता पावणेआठ झाले होते. सरांना आकडे दाखवले. त्यांनी ते वर कळवले आणि उरलेलं फायरिंग रद्द झालं. त्या रात्री तंबूत आम्हाला भरपूर शिव्या पडल्या. असो.

यंदाही नोटीस लागेल. जाल तेव्हा फायरिंग पॉइंटवर झोपून आधी एकदा समोर पाहा. बटच्या वर काय दिसतंय? आणि त्याच्या मागे कोणाची रोजची वाट आहे?